मामाचं गाव वाघोली

आमच्या भागातल्या लेकरांचा मामा हल्ली पुण्यात राहतो. नांदूरघाटच्या शाळेत कुठल्याही वर्गात जाऊन 'दिवाळीत मामाच्या गावाला कोण कोण जाणार' असं विचारा. जेवढे हात वर होतील त्यांतले बरेचसे वाघोली, हडपसर, भोसरी नाहीतर चाकणला जाणारे निघतील. मामाचं गाव म्हणजे चिंचेची झाडं, ओढा, विहिरीतलं पोहणं, ही गंमत आता पाठ्यपुस्तकातल्या चित्रांपुरती उरली आहे. आमच्या लेकरांचा मामा चौथ्या मजल्यावर राहतो, फ्लॅटचा हप्ता भरतो, रांजणगावच्या एका कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतो आणि भाचे येणार म्हटल्यावर आनंदाच्या जोडीला त्याला एक बारीकशी चिंता लागते. रात्रपाळी करून आल्यावर झोपायचं कुठं?

गदिमांचं आगगाडीतून मामाकडं जायचं ते गाणं आम्हीही शाळेत म्हटलेलं आहे. पुढच्याच्या सदऱ्याला धरून, रांगेनं पटांगणाला फेऱ्या मारत म्हटलेलं आहे. बीडला आगगाडी नाही, याचा आम्हाला तेव्हा काही त्रास झाला नाही. जिल्ह्यात परळीला होती, पण आमच्या बाजूच्या पोरांना परळी म्हणजे वैजनाथाच्या दर्शनाला जायचं ठिकाण, तिथून गाडीत बसून कुठं जायचं असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. रूळ कधी येणार, या विषयावर आमच्याकडं किती निवडणुका झाल्या ते सांगत बसत नाही. गाडी आली तोवर मामा पुण्याला निघून गेला होता, एवढंच म्हणतो.

आणि गाडी आली तरी आम्ही गेलो एसटीनंच. नांदूरघाटहून बीडच्या स्टेशनवर पोचणं हाच एक वेगळा प्रवास आहे, त्यापेक्षा थेट पुण्याच्या दिशेला तोंड केलेलं बरं.

दिवाळीत माणसं कोणत्या दिशेला वाहतात हे आमच्याकडं येऊन बघावं. वसुबारसेपासून पुण्याची माणसं मराठवाड्याकडं येतात. सगळ्या गाड्या भरून. खाजगी ट्रॅव्हल्सवाले तिकिटाचा आकडा सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत. भाऊबीज झाली की तीच गर्दी उलटी फिरते. बॅगांमध्ये फराळाचे डबे, पोत्यात ज्वारी, आणि आई-बापाचं तोंड मागच्या काचेत. सुट्टीसाठी लेकरांना घेऊन शहरात निघालेलं कुटुंब या गर्दीत अगदी वेगळं दिसतं. शेजारच्या बाकावरच्या तरुणानं मला विचारलं, "कोणत्या कंपनीत?" मी म्हटलं, "कंपनीत नाही, फिरायला चाललोय." त्यानं माझ्याकडं, मग माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या धोतराकडं, मग पायाशी ठेवलेल्या गाठोड्यांकडं बघितलं आणि हेडफोन कानात घातले.

गाठोड्यांबद्दल सांगायला हवं. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं प्रसिद्ध आहेत, बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि हंगाम नेमका दिवाळीच्या आसपासचा. त्यामुळं बीडकडून पुण्याला जाणाऱ्या कुठल्याही पाहुण्याला सीताफळं न नेण्याची मुभा नाही. पण सीताफळ हे फळ कुणाचं ऐकत नाही. निघताना डोळे नुसते उघडलेले असतात, हाताला दगडासारखं लागतं. नगरपर्यंत ते विचार करतं. शिरूरला मऊ पडतं. वाघोलीला पिशवीतली निम्मी फळं पिकून एकमेकांत मिसळलेली असतात. मामी मोठ्या मनाची आहे, ती दर वेळी म्हणते की रबडीत घालायला अशीच लागतात.

तिकिटाचा हिशेब हा या प्रवासातला माझ्यासाठी सगळ्यात बोचरा भाग. आबांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून त्या वयाच्या माणसाला एसटीत राज्यभर तिकीट नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे बायकोचं अर्धं. थोरली तिसरीत आहे, तिचं वयानुसार अर्धं. धाकट्याला पाचवं वर्ष अजून पुरं व्हायचंय, तो फुकट. कंडक्टरनं आमच्या बाकांवरून नजर फिरवली आणि शेवटी ती माझ्यावर येऊन थांबली. घरातलं एकमेव पूर्ण तिकीट मी. माझी आई आली असती तर तिचंही अर्धंच लागलं असतं, पण ती घरी राहिली. ती नेहमीच घरी राहते. म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, असं ती सांगते. म्हशीला कुणी विचारलेलं नाही.

आबा मात्र खुशीत होते. कंडक्टर अजून पुढच्या दारात होता तेव्हापासून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून हातात धरलेलं. शून्य रुपयाचं तिकीट मिळालं ते त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "तुझं किती झालं?"

मांजरसुंब्याला गाडी थांबली. चौकात ट्रॅक्टर उभे होते, एकेकाला दोन दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत सरपण, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, बांबू, ताडपत्री, कोंबड्यांची पाटी, दावणीच्या दोन शेळ्या, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. ऊसतोडीचे कोयते निघाले होते. एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता, हा आमच्याकडचा हिशेब. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीचा दिवा मालवायच्या आत निघावं लागतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. आता हे दर वर्षीचं आहे, आमच्या डोळ्यांना सवय आहे. पण थोरली खिडकीला नाक लावून बसली होती आणि तिला एका ट्रॉलीवर आपल्या वर्गातली मुलगी दिसली. तिनं हाक मारली. तिकडून हात हलला. कोंबड्यांच्या पाटीवर हात ठेवून ती मुलगी अगदी ऐटीत बसली होती.

"तिला वरती बसायला मिळालं," थोरली म्हणाली. "आणि कोंबडी पण नेली. आपण का नाही नेली?"

बायकोनं सांगितलं, मामाच्या घरी कोंबडी चालत नाही.

"ती कधी येणार परत?"

"उन्हाळ्यात."

थोरलीनं बोटं मोजली. आपल्याला सुट्टी दोन आठवडे आणि तिला पाच महिने, हा अन्याय तिच्या लक्षात आला होता, आणि जामखेडपर्यंत ती याच अन्यायावर फुगून बसली. अन्याय नेमका कुणावर, हे मी काही सांगायला गेलो नाही. गावात हंगामी वसतिगृह असलं तर त्या लेकरांतली काही मागं राहतात, आजी असली तर तिच्याजवळ राहतात, बाकीची ट्रॉलीवर. शाळा उघडल्यावर बाकांवर जागा ऐसपैस होते. थोरलीला ते दर वर्षी दिसतंच.

वाघोलीला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. पूर्वी पुणं सुरू झालं की कळायचं. आता शिक्रापूरपासूनच दुकानांच्या पाट्या, गोदामं, इमारती यांची रांग लागते, आणि कुठल्या तरी एका ठिकाणी आपण पुण्यात शिरलेले असतो. वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत गेली, त्यामुळं कागदोपत्री मामा आता थेट पुणेकर आहे. त्याची भाषा मात्र अजून केज तालुक्यातलीच, आणि सोसायटीच्या गेटवर त्यानं "या की दाजी, लई उशीर केला ओ" असं मोठ्यानं म्हटलं तेव्हा वॉचमन हसला. वॉचमन परतूरचा निघाला. चौथ्या मजल्यावरचे शेजारी लातूरचे, समोरचे परभणीचे. मराठवाडा बघायचा असेल तर वाघोलीत एक चांगली सोसायटी गाठावी, फार हिंडावं लागत नाही.

लेकरांना शहर दाखवायचं म्हणून आम्ही मनात यादी केली होती. लेकरांनी ती पहिल्या रात्रीच निकालात काढली, कारण त्यांना लिफ्ट सापडली. आत आरसा, वर पंखा, बटण दाबलं की लाल आकडा. धाकट्यानं पहिल्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी लिफ्ट मागितली. मामाचा मुलगा, वय सहा, हा त्यांचा गाइड. कुठल्या मजल्यावरचे काका ओरडतात, कुठल्या मजल्यावर चिवडा मिळतो, याची त्याला सगळी माहिती. तासाभरानं वॉचमननं तिघांना खाली बाकावर बसवून ठेवलं, तेही त्यांना आवडलं, कारण तिथून टँकर दिसत होता.

टँकरची गोष्ट अशी की सोसायटीच्या टाकीत पाणी सोडायला रोज टँकर येतो. मोठा पाइप, पाण्याचा तो धबाधबा आवाज, बाजूला उभा राहून बिडी ओढणारा ड्रायव्हर. थोरली धापा टाकत वर आली. "बाबा, मामाकडं पण टँकर येतो! दिवाळीत पण येतो!" आमच्याकडं टँकर म्हणजे उन्हाळ्यातली गोष्ट, घागरी आणि भांडणं घेऊन येणारी. पुण्यात तो दिवाळीतही येतो, भांडणाशिवाय येतो, म्हणजे पुणं आमच्यापेक्षा नक्कीच पुढं आहे असा तिचा निष्कर्ष होता. मामा ओशाळून हसला. मला त्याच्याबद्दल एकदम जवळीक वाटली. माणूस बीड सोडून जातो, पण पाण्याच्या गाडीचा भोंगा मागोमाग येतोच.

दुसऱ्या दिवशी मेट्रो. वाघोलीहून पीएमपीच्या बसनं रामवाडीला. या बसमध्ये आबांनी आधार कार्ड पुढं केलं. कंडक्टरनं सांगितलं, ही एसटी नाही. आबांनी पैसे दिले, पण हा विषय त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही. एसटी सरकारची, ही कुणाची? हीही सरकारचीच, मी म्हटलं, महापालिकेची. मग आपलं सरकार आणि पुण्याचं सरकार वेगळं का, असा पुढचा प्रश्न आला. याला माझ्याकडं उत्तर असलं तरी बसमध्ये ते द्यायची माझी हिंमत नव्हती.

रामवाडीहून मेट्रो रस्त्याच्या वरून जाते, लोकांच्या गच्च्यांवरच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे बघत. स्वारगेटला जायचं तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. तिथं एक गाडी आकाशात आणि दुसरी पाताळात आहे. सरकत्या जिन्यांवरून खाली, अजून खाली, परत एक जिना, अजून खाली. धाकट्यानं हा जिना म्हणजे पुण्यातली सगळ्यात मोठी वस्तू असं तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि पुढचा सबंध दिवस प्रत्येक ठिकाणी "इथं जिना आहे का" हाच प्रश्न विचारला. आबा जिन्यावर पाय ठेवायला तयार नव्हते. ते बाजूच्या साध्या पायऱ्यांनी उतरले, आणि उतरून आमची वाट बघत उभे राहिले.

"किती खोल आलो?" त्यांनी विचारलं.

मामानं वाचलेलं होतं. सुमारे 33 मीटर, देशातल्या खोल स्थानकांपैकी एक, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. आबांनी मनात आकडेमोड केली. "म्हंजे अठरा परस," ते म्हणाले. वर छताकडं बघितलं, भिंतीला हात लावून बघितला. "अठरा परस खणलं. पाणी लागलं का न्हाई?"

मामा म्हणाला, पाणी लागू नये म्हणूनच तर एवढी यंत्रं लावली होती. आबांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला वर्णन करता येणार नाही. आमच्याकडं शंभर फुटांवर ओल लागली तरी बोअरच्या गाडीसमोर नारळ फुटतो.

कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात बुधवार सोडून गेलो, कारण बुधवारी ते बंद असतं हे मामाला ठाऊक होतं. मी लहानपणी आबांबरोबर पुण्याला आलो होतो तेव्हा वाघ-सिंह सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात होते. पुढं ते कात्रजला आले. पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी 1956 सालची. माझ्या आयुष्यातली पहिली आगगाडी तीच. एवढीशी गाडी, एक गोल चक्कर आणि पुन्हा त्याच ठिकाणी. तरी गावी येऊन मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी आगगाडीत बसून आलो, आणि कुठून कुठवर हे कुणी विचारलं नव्हतं.

कात्रजला वाघ झोपलेला होता. वाघ नेहमी झोपलेलाच असतो, आणि माणसं त्याला उठवायचा प्रयत्न करतात, आणि त्यांना तसं करू नका म्हणणारी पाटी समोरच असते. थोरली सर्पोद्यानात रमली. धाकटा मात्र एका मोकळ्या पिंजऱ्यासमोरून हलेना. आत प्राणी नव्हता, एक माणूस लांब पाइपनं फरशी धूत होता. पाणी धो धो चाललेलं, आणि थांबवायची कुणाला घाई नाही. धाकट्यानं हे एखाद्या हत्तीइतक्या आदरानं बघितलं.

काळविटांच्या कुंपणाशी गर्दी होती. शहरातली लेकरं "किती गोड, किती गोड" करत होती. आबा पुढं झाले, कुंपणावर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ गप्प उभे राहिले. आमच्या रानात यांचे कळप येतात. कोवळी ज्वारी, हरभरा, तुरीचा शेंडा, जे असेल ते एका रात्रीत साफ. आबांनी आयुष्यातल्या कितीतरी रात्री पत्र्याचा डबा वाजवत माळ्यावर काढलेल्या आहेत. "हे बरं केलं," शेवटी ते म्हणाले. "यांच्याकडं जाळी हाय. आपल्याकडं सोडून ठिवलेत." मग शेजारच्या एका बाईंना त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की हा जो गोड दिसतोय, त्यानं माझी दोन एकर तूर खाल्ली. हाच नव्हे, याचा पाहुणा. बाईंनी मुलाला जरा मागं ओढलं.

शनिवारवाडा फार बोलण्यासारखा झाला नाही. थोरलीनं दिल्ली दरवाजातून आत शिरून चहूकडं बघितलं आणि विचारलं, "वाडा कुठंय?" वाडा 1828 सालच्या आगीत गेला, राहिले ते तट, जोती आणि कारंज्यांच्या जागा, हे तिला पटलं नाही. वाडा नसेल तर तिकीट कशाचं, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. आबांना मात्र खर्डा आठवला, कारण खर्डा आमच्या वाटेवरच्या जामखेड तालुक्यातलं. 1795 साली तिथं पेशव्यांनी निजामाला हरवलं. इथूनच फौज गेली असणार, मी म्हटलं. आबा म्हणाले, "हरवला म्हणतात खरं. पण आमच्याकडं पुढं दीडशे वर्षं त्याचंच राज्य व्हतं." त्यांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यात सारा भरलेला, त्यामुळं या विजयाबद्दल त्यांच्या मनात थोडी जुनी तक्रार आहे.

तुळशीबागेबद्दल मी काही लिहिणार नाही. मी आणि आबा बाहेर पिशव्या धरून उभे होतो. आत काय झालं ते पिशव्यांच्या वजनावरून कळत गेलं. थोरलीनं पितळेची भातुकली घेतली, त्यातलं जातं खरंच फिरतं.

रात्री मामाला पाळी नव्हती. दिवाणखान्यात गाद्या टाकल्या, एका रांगेत सात जण. मामाचा मुलगा आबांच्या शेजारी, गोष्ट ऐकायला. तो आबांना विचारत होता, तुमच्याकडं किती मजले आहेत. आबा म्हणाले, एक, पण त्याला माळवद हाय. मग माळवद म्हणजे काय, त्यावर काय वाळत घालतात, रात्री वर झोपलं की काय दिसतं, धाब्याचं घर गळतं तेव्हा काय करतात, हे सगळं निघालं. पोराला लिफ्टचा विसर पडला. माझी दोघं मात्र हे ऐकता ऐकता झोपून गेली. माळवदात त्यांना नवीन काही नव्हतं. उन्हाळ्यात मी येणार, असं त्यानं जाहीर केलं. मामा म्हणाला, बघू, सुट्टी मिळाली तर. मामी काही बोलली नाही, ती डबे भरत होती. रिकामे डबे परत पाठवायचे नसतात.

परतीच्या गाडीत जागा मिळाली, कारण आता पुण्याकडून मराठवाड्याकडं जायला कुणी नव्हतं. कंडक्टरनं शून्याचं एक, अर्धी दोन आणि माझं एक अशी तिकिटं दिली. शिरूर मागं पडलं, लेकरं आडवी झाली, आणि आबांनी खिशातून सगळी तिकिटं काढून मांडीवर मांडली. येतानाची, जातानाची, पीएमपीचं दुखणंही त्यात. बराच वेळ ते बघत राहिले.

"पुढच्या साली धाकट्याचं अर्धं लागंल," ते म्हणाले.

"लागेल."

"थोरलीचं अर्धं. सूनबाईचं अर्धं. माझं न्हाई."

"हो."

"तुझी आई आली तर तिचंबी अर्धंच की."

मी मान डोलावली. आईनं यायला हवं हे मलाही वाटत होतं. पण म्हशीचं काय, असं मी म्हटलं.

आबांनी माझं तिकीट बाजूला काढून वेगळं धरलं, त्याच्यावरचा आकडा खिडकीच्या उजेडात पुन्हा वाचला. "म्हशीचं बघायला एक पूर्ण माणूस लागतंय," ते म्हणाले, "आणि आपल्या घरात पूर्ण तिकीट एकच हाय."